बक्षिसातली बदकीण

मित्रांनो, मी बदकीण आहे. वयाने म्हातारी, उजव्या डोळ्याने अधू आणि आवाजाने अजून ठणठणीत. दवनीवाड्याच्या एका बोडीत, म्हणजे शेतातल्या तळ्यात, माझा मुक्काम असतो. पण त्याआधी काही वर्षं मी बक्षीस होते.

गोंदियाचा मुन्नालाल दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, रिंग फेकण्याचं दुकान लावायचा. दोरीच्या गोलात साबण, कंगवे मांडलेले आणि त्यांच्यामध्ये आम्ही: काही बदकं, एक कोंबडा, एक ससा. पायांना सुतळी, डोक्यावर ऊन. रिंग ज्याच्या गळ्यात पडेल, तो जीव फेकणाऱ्याचा. पाणी मात्र नाही. मुन्नालाल भोंग्यावरूनच सगळ्यांना सांगायचा, "पानी पिएगी तो गंदा करेगी."

मी मान चुकवायला शिकले. रिंग हवेत दिसली की मान खाली. "ये हिरोइन है, किसी के हाथ नहीं आती!" मुन्नालाल भोंग्यावर ओरडायचा आणि गर्दी दुप्पट व्हायची. खोटं कशाला बोलू, मला थोडा गर्वही झाला होता. पण जिंकलेल्या मैत्रिणी उलट्या लटकत जायच्या आणि त्यांची खबर परत यायची नाही. ससा तर जिंकणाऱ्याच्या पिशवीतच गुदमरला. त्या माणसाने पिशवी उघडली, पाहिलं आणि दुसरी रिंग घेतली.

एका साली दवनीवाड्याच्या मंडईत उदाराम आला. धानाचा शेतकरी, स्वभावाने गरीब, नेम त्याहून गरीब. त्याला साबण हवा होता. कुणाच्या तरी रिंगने माझा उजवा डोळा सुजला होता, त्या बाजूचं काही दिसत नव्हतं. साबणावर फेकलेली त्याची रिंग थेट माझ्या गळ्यात पडली.

घरी त्याची बायको कलाबाई दारातच उभी होती.

"काऊन जी, भाजी आणाले गेल्ते ना?"

"जिकलो!" उदाराम म्हणाला.

"हे जिकलं? आता ठेवता कोठी, डोक्यावर?"

तोवर शेजारची शामकला मसाल्याची वाटी घेऊनच आली. "कलाबाई, रस्सा करून टाक. मी अद्रक आणतो."

कलाबाईने मला उचललं, सुजलेला डोळा पाहिला आणि घमेल्यात पाणी ओतलं. मी प्यायले, मग प्यायलेच, मग त्याच घमेल्यात जाऊन बसले.

"बाप्पा! किती दिसाची तहानली होती हे?" कलाबाई म्हणाली. मग शामकलाला म्हणाली, "मसाला घरी ने माय. हिचा रस्सा होत नाही."

दुसऱ्या दिवशीही मंडई होती. कलाबाई मला काखेत मारून तडक दुकानावर गेली. मागे उदाराम, त्याच्यामागे तमाशा पाहायला अर्धं गाव.

"बाई, माल वापस नहीं होता," मुन्नालाल म्हणाला.

"वापस नाही करून राहिली. तुमचा खेळ समजून घेऊन राहिली. तुमी बसा बरं मंधात. आमी रिंग फेकतो."

लोक खदखदून हसले. मंडईचे अध्यक्ष भैयाजी भोंग्यावरून म्हणाले, "बसा ना मुन्नालालभाऊ, कायले लाजता?" एवढ्या गर्दीपुढे माघार कशी घेणार? मुन्नालाल हसत हसत गोलाच्या मध्ये मांडी घालून बसला.

पहिली रिंग शामकलाची. कानावर बसली. दुसरी नाकावर. तिसरी, चौथी... मंडईत इतका नेम आहे हे मला तरी ठाऊक नव्हतं! तो मान चुकवायला लागला. डावीकडे, खाली. मला वाटलं, याला चांगलं जमतं आहे. एक रिंग डोळ्याखाली लागली, तसं त्याचं हसू थांबलं.

"बस करो भाई. थोड़ा पानी दो."

"पानी?" कलाबाई म्हणाली. "गंदं कराल ना!"

या वेळी कोणी हसलं नाही. कलाबाईनेच तांब्या आणून त्याच्या हातात दिला. तो प्यायला आणि तोंड पुसत गोलातल्या बाकी बदकांकडे बघत राहिला. भैयाजींनी भोंगा हातात घेतला. "आपल्या मंडईत यापुढे जिता जीव बक्षिसात ठेवाचा नाही. ज्याले ठेवाचा असन, त्यानं सोता मंधात बसावं!"

पुढच्या साली मुन्नालाल आला तो स्टीलचे डबे, गिलास घेऊन. गर्दी तेवढीच होती. लोकांना मुळात फेकायलाच आवडतं. समोर डबा असला तरी त्यांचं काही अडत नाही. हे मी कलाबाईच्या काखेतून स्वतः पाहिलं आहे, म्हणून सांगते. मित्रांनो, जत्रेत जिवंत बक्षीस दिसलं तर ती रिंग हातात घेऊच नका. जिंकायची हौस घटकाभराची असते, आम्हाला मात्र पुढे वर्षानुवर्षं जगायचं असतं.

त्या साली दुकान लावण्याआधी मुन्नालाल उदारामच्या घरी गेला होता. हातात मोठी टोपली. कलाबाईने झाकण उचललं, तर आतून माझ्या जुन्या सोबतिणींनी एकदम कलकलाट केला.

"बहनजी, अब इनका क्या करूँ?"

कलाबाईने टोपली उचलली आणि बोडीची वाट धरली. उदाराम मागून धावत सुटला.

"अवं, मी तं एकच जिकलो होतो!"