सत्तेचाळीस बरी झालेली पोटं

डॉक्टर जितेंद्र सोनकुसरे यांच्या नावावर एकतीस पेपर आहेत. त्यातले तीस त्यांनी, मी आणि ते तपासायची सक्ती झालेल्या दोन-चार मंडळींनी वाचलेत. एकतिसावा मात्र जगभर गेला. दुसऱ्या कुणी संशोधकानं आपल्या पेपरचा हवाला दिला की त्याला सायटेशन म्हणतात. ती मोजायची सवय लागली की माणूस सकाळी दात घासायच्या आधी आकडा बघतो. डॉक्टरांचा एकूण आकडा पाचशे चाळीस होता आणि त्यातली तीनशे बारा सायटेशन्स एकट्या या पेपरची होती. म्हणजे घरातला एक मुलगा कमावता आणि बाकी तीस जण जेवायला, असा प्रकार.

पेपर पोट आणि मेंदूचा होता. डॉक्टर मूळचे पोटाचे, पण पोटाचा माग काढता काढता मेंदूपर्यंत पोहोचलेले. तपासण्या सगळ्या ठीक येतात आणि पोट तरी दुखतंच, अशा रोग्यांना त्यांनी बारा आठवडे रोज दहा मिनिटं तोंड मिटून गुणगुणायला लावलं. मेंदूतून पोटाकडे जाणारी एक लांब नस त्यानं शांत होते, असा त्यांचा होरा होता. गुणगुणणारे शहाऐंशी जण नागपुरातल्या आमच्या धंतोलीच्या दवाखान्यातले होते. न गुणगुणणारे ऐंशी जण तुलनेसाठी पुण्याच्या एका दवाखान्यातून घेतले, कारण धंतोलीच्या बाकावर बसलेली माणसं नंबर येईपर्यंत एकमेकांना डबा, औषध आणि सल्ला सगळंच वाटून टाकतात. अर्धे गुणगुणायला लागले असते तर उरलेल्यांनी कोरस धरला असता.

निकाल थक्क करणारा होता. नागपूरची एकसष्ट पोटं बरी, पुण्याची फक्त तेरा. कुणीतरी परदेशात त्याला 'नागपूर परिणाम' असं नाव दिलं. एकानं तर संत्र्यातल्या तंतूंचा काही संबंध आहे का, यावर आठ पानं लिहिली. आम्ही ती कापून फळ्यावर लावली होती.

यात मी कुठे? मी धनश्री, माहेर पुण्याचं, शिक्षण संख्याशास्त्राचं. नवऱ्याची बदली इथल्या मिहान उद्योगनगरीत झाली म्हणून नागपुरात आले आणि तिसऱ्या आठवड्यात या अभ्यासाचे कागद माझ्यासमोर पडले. कामिनी सिस्टरनं रोग्यांना फोन करून त्यांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घेतली होती. त्या शब्दांचे आकडे करायचं काम माझं होतं. चार म्हणजे असह्य दुखतंय, शून्य म्हणजे दुखायचं थांबलं. डॉक्टरांचा नियम कडक होता: टेबलावर येणारा कागद शुद्ध मराठीत नाहीतर इंग्रजीत हवा. रोग्यांची मूळ उत्तरं त्यांनी कधी मागितली नाहीत.

बहुतेक कागदांवर एकच उत्तर होतं: 'पोट दुखून राहिलं.' मी विचार केला. जेवायचं राहिलं म्हणजे जेवलो नाही. जायचं राहिलं म्हणजे गेलो नाही. तेव्हा दुखून राहिलं म्हणजे दुखून दुखून एकदाचं राहिलं, थांबलं. काय गोड बोली आहे, असंही मला वाटलं, आणि मी ऐटीत शून्य टाकत गेले. बऱ्या झालेल्यांना अभिनंदनाचं पत्र पाठवायची कल्पनाही माझीच. डॉक्टरांच्या सहीची, सोनेरी काठाची छान पत्रं गेली आणि त्या लोकांना पुन्हा बोलवायचं कारण उरलं नाही.

पुढं मी नागपूर शिकले. शेजारीण दारातून 'काय करून राहिल्या?' विचारायची, मी 'चहा पिऊन राहिले' म्हणायला लागले, आणि गेली चार वर्षं मी चहा पितच आहे. पण ते कागद तोवर कपाटात गेले होते आणि माझ्या डोक्यात त्यांची भेट कधी झालीच नाही.

मागच्या महिन्यात एका सोमवारी बेल्जियमहून मेल आला. तिथल्या एका सज्जन प्राध्यापकानं चारशे बेल्जियन माणसांना बारा आठवडे गुणगुणायला लावलं होतं. कुणाचंही पोट दुखायचं थांबलं नव्हतं, उलट घरच्यांच्या तक्रारी आल्या होत्या. मूळ कागद बघायला मिळतील का, असं त्यानं अगदी अदबीनं विचारलं होतं. डॉक्टर त्या दिवशी खुशीत होते. शहरात पोट आणि मेंदूचं नवं संशोधन केंद्र निघणार होतं, त्याच्या प्रमुखपदासाठी गुरुवारी त्यांची मुलाखत होती आणि निवड समितीला त्या तीनशे बाराचं भारी कौतुक होतं. वीस वर्षं ज्या खुर्चीची वाट बघितली ती हातभर अंतरावर आली होती. बेल्जियमच्या लोकांना सूर नसेल, पाठवून द्या कागद, असं म्हणून ते पुन्हा आपल्या भाषणाच्या तयारीला लागले.

मी कपाट उघडलं. वरच कागद होता सतरा नंबरचा, कुहीच्या पंचफुलाबाईंचा. 'पोट दुखून राहिलं.' मी तो वाचला आणि या वेळी मला तो कळला: दुखून राहिलं म्हणजे दुखतंय. पुढचा कागद: 'जळजळ होऊन राहिली, दुखून बी राहिलं.' मी सगळे मोजले. माझ्या एकसष्ट बऱ्या पोटांपैकी सत्तेचाळीस तेव्हा दुखत होती. खरी बरी झालेली उरली चौदा, म्हणजे पुण्याच्या तेरापेक्षा एक जास्त. नागपूर परिणाम म्हणजे मीच होते.

कामिनी सिस्टरला सांगितलं तर ती आधी हसली, मग एक एक कागद उलटून बघू लागली. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि ते खरं होतं. मला भीती वाटत होती, नोकरीची वाटत होतीच, पण जास्त डॉक्टरांच्या चेहऱ्याची. ते माझ्याशी कधी आवाज चढवून बोलल्याचं आठवत नाही. तरीही मी गेले आणि दहा-बारा कागद त्यांच्यासमोर ठेवले. चार वर्षांत पहिल्यांदाच अशुद्ध कागद त्या टेबलावर गेला.

त्यांनी पहिला वाचला, दुसरा वाचला, चष्मा काढला. मला समजावून सांगावंच लागलं नाही. माझी चूक आहे, असं मी म्हणाले, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. उमरेडच्या विणकराच्या घरातले ते. मुंबईला शिकायला गेले तेव्हा पहिल्याच तोंडी परीक्षेत 'पेशंटले ताप आहे' असं बोलून गेले आणि अख्खा वॉर्ड हसला. त्या दिवसापासून त्यांनी जीभ धुऊन घेतली, असं ते म्हणाले.

"हा कागद मी एकदा पाहिला असता तरी कळलं असतं. मीच म्हणालो होतो, माझ्यापुढे आणू नका," ते म्हणाले. "आईशीसुद्धा मी फोनवर तुमच्यासारखा बोलतो. ती विचारते, काहून गा, परका झाला का?"

त्यांची आई, भागीरथाबाई, अजून उमरेडलाच असते. तेवढ्यात दारात उभी असलेली कामिनी सिस्टर पुढे झाली. तिचा हिशेब सरळ होता.

"मुलाखत होऊन जाऊ द्या ना, सर. शुक्रवारी मेल पाठवला त बेल्जियम का पळून जाते?"

खोटं कशाला सांगू, मलाही तेच वाटत होतं. चार वर्षं थांबलेली चूक आणखी चार दिवस थांबली असती. डॉक्टरांनाही ते पटू लागलं असावं, कारण त्यांनी भाषणाचे कागद नीट जुळवून बाजूला ठेवले आणि शुक्रवार कोणती तारीख, असं विचारलं. मग काय वाटलं कोण जाणे, सतरा नंबरच्या कागदावरचा फोन नंबर त्यांनी स्वतःच लावला. आम्हाला ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर ठेवला.

त्यांनी आपलं नाव सांगून, तुमच्या पोटाची तब्येत आता कशी आहे, असं विचारलं. पंचफुलाबाईंनी घाईघाईनं उत्तर दिलं: बरं आहे, एकदम बरं आहे, तुमची मेहरबानी. शाळेत तपासणीला साहेब आल्यावर पोरं देतात तसं ते उत्तर होतं. डॉक्टरांनी फोन जवळ ओढला. मग मी त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेला आवाज आला.

"मावशी, खरं सांगा जी. पोट दुखून राहिलं का?"

पलीकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"तुमची चिठ्ठी आली ना साहेब, बरी झाली म्हणून," पंचफुलाबाई म्हणाल्या. "घरच्यायनं भिंतीले लावली. मंग मी कोणाले कशी सांगू, का दुखून राहिलं?"

त्यांनी फोन ठेवला तेव्हा मला रडू येत होतं, आणि ते लपवायच्या भानगडीत मी पडले नाही. चार वर्षं ती बाई सोनेरी काठाच्या कागदाचा मान राखून पोट धरून बसली होती. डॉक्टरांनी संगणक पुढे ओढला. शुक्रवारी ना, असं कामिनी सिस्टरनं चाचरत विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "मी आत्ताच लिहून राहिलो."

चार वर्षांपूर्वीची मी असते तर त्यांनी लिहायचं सोडून दिलं, असं समजून घरी गेले असते. त्यांनी पेपर मागे घेतल्याचं पत्र नियतकालिकाला, बेल्जियमला आणि निवड समितीला एकाच दमात पाठवलं. चूक भाषेची झाली आणि ती भाषा आपली स्वतःची होती, असं त्यांनी त्यात लिहिलं. माझं नाव कुठेच नव्हतं. गुरुवारी ते मुलाखतीला गेले, सात मिनिटांत बाहेर आले आणि खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळाली. गंमत अशी की पेपरवर 'मागे घेतला' असा लाल शिक्का बसूनही लोक त्याचा हवाला देतच आहेत. आकडा आता तीनशे एकोणीस आहे. डॉक्टर बघत नाहीत, मी बघते.

सत्तेचाळीस जणांना डॉक्टरांनी स्वतः फोन केले. पहिल्या शनिवारी पंचफुलाबाई आल्या, लुगड्याच्या पदराखाली काहीतरी चौकोनी धरून. ते अभिनंदनाचं पत्र होतं, काचेच्या चौकटीसकट. त्यांनी ते पुसून टेबलावर ठेवलं आणि हळूच डॉक्टरांकडे सरकवलं.

"हे वापस घ्या, साहेब. आता दुखते म्हटलं त चालते ना?"

डॉक्टरांनी चौकट उलटी करून ठेवली आणि आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"सांगा मावशी," ते म्हणाले. "मी ऐकून राहिलो."