भोकांचा दवाखाना

चाळणीलाही आत्मवृत्त असतं, हे मला स्वतःला अलीकडेच कळलं, मित्रांनो. मी प्लास्टिकची आहे, रंगाने हिरवी, आणि वयाने घरातल्या लहान मुलीपेक्षा, दक्षतापेक्षा, थोडी मोठी. कारखान्यातल्या तापलेल्या साच्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्या अंगभर भोकं होती. मी घाबरलेच. शेजारची बादली धडधाकट निघाली होती. पुढे समजलं, की भोकं हाच माझा गुण आहे. असं भाग्य फार कमी जणांना लाभतं.

माजिवड्याच्या गावठाणात राहणाऱ्या मालूआजीने मला बोहारणीकडून घेतलं, आपल्या मुलाच्या, म्हणजे दर्शनच्या, दोन जुन्या पँटी देऊन. त्यातली एक जुनी नव्हती, हे दर्शनला एका लग्नाला निघताना कळलं.

आजी सकाळी बाजारात मासे विकायची आणि उरलेली घरी आणायची. करंदी, मांदेली, बोंबील, सगळ्यांना मी न्हाऊ घातलं. एकदा खाडीतला एक निवटा माझ्यातून उडी मारून मोरीपर्यंत गेला होता. आजीने त्याला तिथून परत आणलं. थोडक्यात सांगायचं तर, माझ्याकडे आलेला मासा पुढे एकाच दिशेने जातो, हे मी पक्कं धरून चालले होते. "ही चालन हाय म्हनून माजा हात चालतो," असं आजी पाहुण्यांना सांगायची. मी फुगायचे. फुगले तरी कळायचं नाही, भोकांतून सगळं निघून जायचं.

मग माझी एक कड तुटली, घरात स्टीलची चाळण आली आणि मला खिळ्यावर टांगण्यात आलं. माझ्यात कपडे वाळत घालायचे चिमटे ठेवले जाऊ लागले. चिमट्यांशी फार बोलता येत नाही. त्यांचं तोंड कायम मिटलेलं.

त्याच सुमारास बाहेरच्या खोलीत काचेची टाकी आली. सहावीतल्या दक्षताने हट्ट करून आणलेली. मासे धरणाऱ्या आणि विकणाऱ्या घरात मासे पाळायचे, ही गोष्ट आजीला समजायला वेळ लागला. "खायाचं नाय, इकायचं नाय, मंग करायचं काय त्याचं?" तिने विचारलं.

"बघायचं," दक्षता म्हणाली.

आजीने बघितलं. "बघितलं. आता?"

टाकीत सिक्लिड जातीचा एक निळा मासा होता. त्याने फुटक्या कुंडीत घर केलं होतं, आणि कुंडीसमोरचा दगड, त्याच्या मागचा दगड आणि उरलेलं पाणीही आपलंच आहे असं त्याचं म्हणणं होतं. म्हणून दक्षताने त्याचं नाव सरपंच ठेवलं. त्याला सोबत म्हणून आणलेला पहिला मासा दोन दिवसांत मेला. तेव्हा दर्शन म्हणाला, "बस झालं. आता अजून एक मेला ना, तर टाकी परत. मासे मारायला आपल्या घरात टाकी लागत नाय."

त्यानंतर आली डिंपल. पिवळीधम्मक, आजीच्या करंगळीएवढी. दर्शन विठ्ठलवाडीला एका वर्कशॉपमध्ये कामाला आहे. त्याच्या समोरच सुमितचं माशांचं दुकान. नर आहे की मादी हे सुमितलाही सांगता आलं नाही. डिंपल हे नाव दोघांनाही चालतं, म्हणून ते ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिंपल टाकीच्या कोपऱ्यात, पाणी कोमट ठेवणाऱ्या हीटरमागे उभी होती. तिचा डावा डोळा सुजून वर आला होता आणि त्यावर दुधाची साय धरावी तसा पांढरा पडदा होता. सरपंच कुंडीच्या दारात पंख पसरून उभा होता, जणू काही घडलंच नाही. दक्षता शाळेचं दप्तर पाठीवर घेऊन काचेला नाक लावून बसली. "पप्पा, सुमितदादाला विचार ना काय करायचं. आजच विचार. मी येईपर्यंत ती मरेल."

"विचारतो. तू जा, रिक्षा थांबलीय."

आणि त्याने विचारलं, मित्रांनो. सुमितने सगळं नीट सांगितलं. जखमी माशाला वेगळं काढा, टाकीतलंच पाणी घ्या, त्यात चिमूटभर खडेमीठ विरघळवा, एकच डोळा सुजलाय म्हणजे मार लागलाय, स्वच्छ पाण्यात सूज उतरेल. दर्शनने ते सगळं ऐकलं आणि वर्कशॉपमधल्या ग्राइंडरच्या आवाजात आईला फोन लावला.

"आये, त्या पिवळ्याला बाहेर काढ आणि मीठ लाव."

आजीने फोन दुसऱ्या कानाला नेला. "मीठ लावू?"

"हां. थोडंच. बारका हाय ना."

"आनि हलद?"

ग्राइंडर घरघरला. "हां हां, चालंल," दर्शन म्हणाला आणि फोन ठेवला.

आजीने कपाळाला हात लावला. पोरीने एवढ्या हौसेने आणलेला मासा, आणि शेवटी बापाने हा निर्णय घेतला. पण मीठ लावणं म्हणजे काय, हे त्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तिने खड्याच्या मिठाची बरणी काढली, हळदीचा डबा काढला, कोयता धुतला. स्टीलची चाळण काही सापडेना. मग तिची नजर खिळ्यावर गेली. चिमटे ओट्यावर ओतले गेले आणि इतक्या काळानंतर मी कामावर रुजू झाले.

डिंपल माझ्यात आली तेव्हा मला जुने दिवस आठवले. तिला काय आठवलं ते मला ठाऊक नाही, पण ती माझ्या तळाशी आडवी पडून उजव्या, चांगल्या डोळ्याने आजीकडे बघत होती आणि तिचे कल्ले हलत होते.

आजीने मिठाची चिमूट उचलली, आणि थांबली. धडपडणाऱ्या माशाला मीठ लावायचं नाही, ही तिच्या माहेरची रीत. आधी त्याला शांत होऊ द्यायचं. म्हणून तिने पातेलं घेतलं. एका माशासाठी नळाचं चांगलं पाणी कोण घालवतंय, असं म्हणून टाकीतलंच पाणी त्यात ओतलं, मला डिंपलसकट त्यात बुडवलं, आणि हातातली चिमूट परत बरणीत कशाला, म्हणून तीही पाण्यात टाकली.

मग ती स्टूल ओढून बसली आणि डिंपल शांत व्हायची वाट बघू लागली.

डिंपल शांत होईना. उलट मगाशी आडवी होती ती सरळ झाली. थोड्या वेळाने माझ्या कडेकडेने एक चक्कर मारली. "मरायला घेतलंस ना, तर मर की नीट," आजी तिला म्हणाली. पण आवाजात दम नव्हता. दुपार टळली. आजी स्टुलावरून उठली नाही आणि कोयत्यालाही तिने हात लावला नाही.

दक्षता शाळेतून आली तेव्हा तिला दिसलं ते असं: एकटा सरपंच असलेली, रिकामी वाटणारी टाकी, आणि ओट्यावर मीठ, हळद, कोयता, पातेलं.

"आजी, हे काय?"

"तुजा बापूस बोलला, मीठ लाव."

"आणि हळद?"

"ती मीच इचारली."

"कोयता कशाला?"

"खवलं काढाया. बारकी हायत, पन हायत."

दक्षता खालीच बसली. रडली नाही. दप्तर पाठीवर तसंच ठेवून तिने वडिलांना फोन लावला आणि ओट्यावर काय काय आहे ते एकेक करून सांगितलं. पलीकडे ग्राइंडरही बंद पडला. मग धावल्याचा आवाज आला आणि फोनवर सुमित आला.

"पाणी कुठलं घेतलंय?"

"टाकीतलं."

"मीठ?"

"खड्याचं. एक चिमूट."

"मासा वेगळा ठेवलाय?"

"चाळणीत आहे."

सुमित म्हणाला, "मग मी तरी दुसरं काय सांगितलेलं? फक्त हळद टाकू नका."

अशा रीतीने, मित्रांनो, मी दवाखाना झाले.

दक्षताने टाकीतलं थोडं पाणी काढून बादलीत आधीच भरून ठेवलेलं स्वच्छ पाणी भरलं, आणि मला कपड्यांच्या चिमट्यांनी टाकीच्या काठाला लटकवलं, निम्मी पाण्यात, निम्मी बाहेर. पाणी माझ्या भोकांतून येत-जात होतं. सरपंच येऊ शकत नव्हता. त्याने प्रयत्न केला. मला खालून धडका दिल्या, भोकांतून बघून तोंड उघडमीट केलं. मी स्टीलची नाही याचं मला तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं. त्याला लागलं असतं.

आजी रोज बाजारातून आली की आधी टाकीपाशी यायची. मासा ताजा की शिळा हे ती आयुष्यभर डोळ्यावरून सांगत आली होती. त्यामुळे डिंपलची तपासणीही त्याच पद्धतीने व्हायची. "डोला अजून धुरकट हाय. मी तरी इकत नसती घेतली." पुढे, "आज जरा बरी वाटते. संध्याकालच्या गिऱ्हाइकाला खपंल." एका सकाळी ती बराच वेळ वाकून राहिली आणि म्हणाली, "ताजी झाली." त्या घरात याहून मोठं कौतुक कुणाचं झालेलं मी ऐकलेलं नाही. डोळ्यात टाचणीच्या टोकाएवढा ठिपका राहिला होता, पण दाणा पडला की डिंपल त्या बाजूनेही वळायची.

आनंदाने दक्षताने तिला माझ्यातून बाहेर सोडलं. सरपंच कुंडीतून सुटला तो थेट तिच्या डाव्या, अधू डोळ्याच्या बाजूनेच आला. दक्षताने जाळी घालून डिंपलला परत माझ्यात आणेपर्यंत तिची शेपटी फाटली होती.

दर्शनने ते बघितलं. तो ओरडला नाही, ते जास्त वाईट होतं. "बाय, हा नाय जगू देणार तिला. रविवारी टाकी सुमितला देतो. तो बघंल दोघांचं."

दक्षता जेवली नाही. आजी तिचं ताट झाकत म्हणाली, "मना एक समजत नाय. मारलं त्यानं, आनि कोंडलीत हिला."

दक्षताने वर बघितलं. मग सुमितला विचारलं. तो म्हणाला, बरोबर आहे, आता मोठ्यालाच आत घाला, आणि तो आत असताना टाकीतले दगड हलवा. एकही जागच्या जागी ठेवू नका. जुनी जागाच दिसली नाही, तर हक्क कशावर सांगेल?

मी तुरुंग झाले. सरपंच माझ्यात आला आणि त्याने पहिल्यांदा मला चावून बघितलं. दाणे टाकले, खाल्ले नाहीत. फुगून तळाशी बसला. "बस रं बाबा," आजी म्हणाली, "सगले सुरवातीला बसतात." बाहेर दक्षताने कुंडी उलटी करून दुसऱ्या टोकाला नेली, दगड रचून नव्या गल्ल्या केल्या. डिंपल आधी हीटरमागून निघेना. मग निघाली. मग कुंडीत जाऊन आली. मग कुंडीतून फक्त तोंड बाहेर काढून बसायला लागली. शनिवारी सरपंचाने माझ्या तळाशी पडलेला एक दाणा, कुणी बघत नाही असं समजून, खाल्ला.

रविवारी दर्शन टाकी रिकामी करायला बादली घेऊन आला.

"पप्पा, एकदाच सोडते त्याला," दक्षता म्हणाली. "मग ने."

तिने दिवा मालवला, दोघांनाही पोटभर दाणे घातले आणि चिमटे काढून मला अलगद वाकडं केलं. सरपंच बाहेर पडला. आपल्या कुंडीच्या जागी गेला. तिथे कुंडी नव्हती. दगडाच्या जागी गेला, तिथे दुसराच दगड. पत्ता चुकलेल्या पाहुण्यासारखा तो सगळीकडे फिरला. फिरता फिरता डिंपलसमोर आला आणि पंख फुलवले. दक्षताने जाळी पाण्यावर धरली. डिंपलने हीटरकडे बघितलं सुद्धा नाही. ती आपल्या ठिपक्याच्या डोळ्याने त्याच्याकडे बघत जागेवर राहिली.

सरपंचाने पंख मिटले आणि तो दगडांच्या मागे राहायला जागा शोधायला गेला.

दर्शनने बादली उलटी ठेवली आणि तिच्यावर बसला. मग म्हणाला, "दाणे संपत आलेत ना? उद्या येताना आणतो."

मित्रांनो, अजूनही त्यांचं अधूनमधून वाजतं. पण पळायला जागा आहे, लपायला गल्ली आहे, आणि मी टाकीच्या झाकणावर तयार असते. स्वयंपाकघरात मला परत घेत नाहीत. दवाखान्यात कोलंबी धुतात का, असं दक्षता विचारते. मला वाईट वाटत नाही.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. तुमच्या घरात, वर्गात, बाकावर कुणी नवीन आलं, तर त्याला नुसतं 'जुळवून घे' म्हणून पाण्यात सोडू नका. त्याला लागलं असेल तर स्वच्छ पाणी द्या, थोडी शांतता द्या, आणि बरं व्हायला लागेल तेवढा वेळ द्या. आणि तो येण्याआधी आपले दगड थोडे हलवून ठेवा.