मला आडवी न्या

मी एक जुनी अॅल्युमिनियमची शिडी आहे. मित्रांनो, माझा जन्मच मारझोडीत झाला. कारखान्यात मला करवतीने कापलं, भोकं पाडली, हातोड्याने रिव्हेट ठोकले. एवढं सोसून मी उभी राहिले, तेव्हा बावीस फूट उंच आणि वजनाला हलकी होते.

मला एका रंगाऱ्याने आणलं. बायको रंग कालवायची, धाकटा भाऊ भिंती खरवडायचा आणि रंगारी माझ्यावर चढायचा. तो मला कधी मिटत नसे. एक भिंत झाली की मला उभीच्या उभी उचलून, रंगाचा डबा वर लटकता ठेवून, पुढच्या भिंतीला नेई. थेंब सांडत नसे. येणारे-जाणारे थांबून बघत. खोटं कशाला बोलू, मलाही त्या कौतुकाची चटक लागली होती.

शेवटच्या घराजवळून उच्च दाबाची तार गेली होती. सकाळी वायरमन बजावून गेला, की आधी फोन करा, आम्ही लाईन बंद करतो. या तारेला न शिवताही वीज झेप घेते, आणि लाईन बंद पडली तरी आपोआप पुन्हा चालू होते. रंगारी हसला. बायकोने मात्र वायरमनचा नंबर डब्याच्या झाकणावर ब्रशने लिहून घेतला.

दुपारी भाऊ म्हणाला, "दादा, आज शिडी आडवी करून नेऊ."

"पंधरा वर्षं अशीच नेतोय. तू मला शिकवणार?"

त्याने मला उचललं. वारा आला, मी कलले. तारेला टेकलेही नव्हते, तोच निळा लोळ माझ्यात घुसला आणि त्याच्या हातांतून जमिनीत गेला. त्याची बोटं माझ्यावर आवळली. चपला पेटल्या, कातडी जळल्याचा वास सुटला. मी त्याला सोडू शकले नाही. मग फाडकन आवाज झाला आणि सगळं थांबलं. तो कोसळला. माझे पाय त्याच्या छातीवर आणि डोकं तारेवर राहिलं.

लाईन गेली म्हणत भाऊ धावला. वहिनीने त्याला मागून मिठी घातली. त्याने कोपराने तिचा ओठ फोडला, तरी तिने सोडलं नाही. पाय घालून त्याला पाडलं आणि त्याच्या पाठीवर बसली.

"सोडा वहिनी, दादा मरतोय."

"हात लावशील तर दोघं जाल."

तेवढ्यात तार पुन्हा जिवंत झाली. रंगाऱ्याचं अंग माझ्याखाली दुसऱ्यांदा उसळलं. ती रक्ताळल्या तोंडाने झाकणावरचा नंबर फिरवत राहिली. लाईन बंद करून वायरमनने मला बाजूला ओढलं, तोवर रंगारी गेला होता.

भाऊ कित्येक महिने वहिनीशी बोलला नाही. मी शेडच्या भिंतीवर धूळ खात लटकले. माझ्या पायांना दोन काळी भोकं पडली आहेत. नवा कामगार आला की वहिनी त्याला आधी माझ्याकडे आणते आणि त्या भोकांवरून बोट फिरवायला लावते. परवा नवी शिडी भाऊ उभीच उचलायला गेला. मान वर करून थांबला. मग त्याने ती खाली घेतली आणि म्हणाला, "वहिनी, ते टोक धरता का?" तिने धरलं.

मित्रांनो, शिडी उचलण्याआधी वर बघा. तार दिसली तर लांब राहा, फोन करा, वाट बघा. मला आडवी न्या, मला त्यात कमीपणा नाही. मला उभी नेणाऱ्याला चौघांनी आडवं नेलेलं मी पाहिलं आहे.