माणूस आहेस का?

दाजींनी पेंटरचा उजवा हात टेबलावर आडवा दाबला आणि टायर काढायची लोखंडी पट्टी उचलली. नेमकी तेव्हाच बारक्याच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल चौकट लुकलुकायला लागली.

"बारक्या, तू तुझं बघ!" मान न वळवता दाजी ओरडले.

बारक्यानं पाहिलं. खेळातल्या डोंगराखाली लोखंडाची खाण होती. दाजींचा दाढीवाला योद्धा तिथं मुकाट्यानं कुदळ मारत होता आणि काळी शाल पांघरलेली एक म्हातारी त्याच्यापुढं येऊन उभी राहिली होती. तिच्या डोक्यावर अक्षरं उमटली, "काय रे, माणूस आहेस का?"

मागं लोखंड आदळलं. सुकी फांदी मोडावी तसा आवाज आला आणि त्यामागून पेंटरची किंकाळी.

बारक्यानं मान वळवली नाही. त्याची बोटं चालू लागली. "माणूस होतो गं बाई. सकाळपासून ही कुदळ मारून मारून गाढव झालोय. तुझ्याकडं कंबरेला लावायला काही आहे का?"

मागं दुसरा फटका बसला. "नाही. पण बसून खणू नकोस, पाठ धरेल," असं लिहून म्हातारी निघून गेली. लाल चौकट विझली.

"झालं?" दाजींनी विचारलं. त्यांना धाप लागली होती.

"झालं," बारक्या म्हणाला.

दाजींचं टायरचं दुकान खाली रस्त्याला लागून होतं, मागं घर आणि ही खोली दुकानाच्या वर. भिंतीभर रॅक, रॅकवर मशीन, आणि प्रत्येक मशीनवर तोच खेळ. जगभरची माणसं तो हौसेनं खेळायची, खाणी खणून, लांडगे मारून सोनं मिळवायची. दाजींचे खेळाडू तेच करायचे, पण त्यांच्यामागं माणूस नव्हता, प्रोग्रॅम होता. ते सोनं दाजी आळशी खेळाडूंना खऱ्या पैशांत विकायचे. कंपनीला हे मंजूर नव्हतं. म्हणून तिचे तपासनीस वेश घेऊन खेळात फिरायचे, कुणी बॉट, म्हणजे असा प्रोग्रॅमवर चालणारा खेळाडू, वाटला की आडवे यायचे, वेडेवाकडे प्रश्न विचारायचे, कधी पाठीत सुरासुद्धा खुपसायचे. माणूस असला तर पळतो, उलटतो, निदान शिवी तरी हासडतो. बॉट रक्त वाहत असतानाही खणत राहतो, आणि मग त्याचं खातं कायमचं बंद होतं.

यावर दाजींनी काढलेला तोडगा म्हणजे बारक्या आणि पेंटर. तपासनीस बोलायला लागला की लाल चौकट यायची, आणि दोघांपैकी एकानं धावत जाऊन माणसासारखं उत्तर द्यायचं. बारक्या म्हणजे दाजींच्या बायकोचा, ताईचा, धाकटा भाऊ, म्हणून बारक्या. एरवी दारातून आत येताना वाकावं लागेल एवढा उंच. लेथवर काम करायचा. तो कारखाना बंद पडला तेव्हा दाजींनी त्याला घरात घेतलं आणि ह्या खुर्चीवर बसवलं. पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचा. छापील पाट्या आल्या आणि त्याच्या हाताचं काम गेलं. हात मोडला त्या दिवशी सकाळी त्याचं पोट बिघडलं होतं. तो संडासात असताना ती म्हातारी, कंपनीची तपासनीस, त्याच्या रांगेत आली, बारक्या दुसऱ्या तपासनीसाला तोंड देत होता, आणि पेंटरच्या रांगेतले सगळे खेळाडू एका दमात बंद झाले.

"शिडीवरून पडला," दाजी पट्टी पुसत म्हणाले. "बारक्या, दवाखान्यात ने त्याला. काय सांगायचं?"

"शिडीवरून पडला."

रिक्षात पेंटर मोडलेला हात मांडीवर घेऊन बसला होता. मनगट भलत्याच दिशेला वळलं होतं, बोटं सुजून काळीनिळी झाली होती. प्रत्येक खड्ड्याला त्याच्या तोंडून हुंदका फुटत होता. बराच वेळ त्यानं बारक्याकडं पाहिलं नाही. मग म्हणाला, "मारणाऱ्याचं सोड. तो जनावरच आहे. तू एकदा मागं वळूनसुद्धा पाहिलं नाहीस."

"चौकट लागली होती रे."

"हो ना," पेंटर म्हणाला. "विनोद करत होतास. मला दिसत होता पडदा."

बारक्याला तोंडात मारल्यासारखं झालं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा पेंटर स्वतःच म्हणाला, "शिडीवरून पडलो." घरी बायको होती आणि घराचा पत्ता दाजींना माहीत होता.

दुसऱ्या दिवसापासून बारक्या एकट्यानं सगळ्या रांगा सांभाळू लागला. दाजी त्याच्याशी गोड वागत होते. पाठीवर थाप मारून म्हणायचे, "माझा मेहुणा हिरा आहे, हिरा!" तीच थाप ताईला वेगळी बसते हे बारक्याला ठाऊक होतं. दुपारी तो खाली जेवायला गेला तेव्हा ताईचा ओठ फुटलेला होता.

"दार लागलं," ती वाढता वाढता म्हणाली.

"ताई, हे दार रोजच कसं लागतं गं तुला?"

"तू जेव."

"आपण जाऊ कुठंतरी. मी करीन काहीही."

"कुठं जाणार? आपल्या दोघांची भांडीकुंडी त्याच्याच घरात." तिनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं आपटल्यासारखा ठेवला. "आणि तू कोण मला नेणारा? तुझ्यादेखत तो एका माणसाचा हात मोडतो, तू टाइप करत बसतोस. सगळं ऐकू येतं मला खाली."

बारक्यानं ताट सरकवलं. हात धुऊन तो वर गेला आणि खुर्चीवर बसला.

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी ताईच वर आली. दाजी रॅकजवळ उभे होते.

"पेंटरची बायको आलीय," ताई म्हणाली. "दुकानाच्या दारात बसून रडतेय. हाताचं ऑपरेशन करायचं म्हणतात. तुम्ही केलंय, तर खर्च तुम्ही द्या."

"मी काय केलंय?" दाजींनी हळूच विचारलं.

"हात मोडलाय तुम्ही त्याचा."

दाजींनी तिच्या अंबाड्याला हात घातला आणि तिचं डोकं रॅकच्या लोखंडी कडेवर आपटलं. ताई ओरडली नाही. तिच्या भुवईवर चीर पडली आणि रक्त डोळ्यात उतरलं. दाजींनी दुसऱ्यांदा आपटलं. "मोठ्यानं बोल ना! खाली गिऱ्हाइकांना ऐकू जाऊ दे!"

बारक्या खुर्चीतून अर्धा उठला होता. तेवढ्यात लाल चौकट लागली.

"आधी उत्तर दे!" दाजी गरजले. "आमचं घरचं आम्ही बघू!"

पडद्यावर काळ्या शालीची म्हातारी उभी होती. "कशी आहे रे पाठ?" तिनं विचारलं होतं.

बारक्याची बोटं सवयीनं पुढं झाली. त्यानं ती मागं घेतली. म्हातारीनं आणखी एकदा विचारलं. मग शालीतून सुरा काढून दाढीवाल्याच्या पाठीत खुपसला. दाढीवाला खणत राहिला. तिनं पुन्हा भोसकलं, सुरा आत फिरवला. रक्ताचा ओघळ कुदळीवर आला तरी त्याची कुदळ तशीच वरखाली होत होती. तो पडदा काळा झाला. म्हातारी पुढच्याकडं वळली. तोही खणत होता. शेजारचा पडदा काळा झाला, मग त्याच्या शेजारचा.

"अरे, मेलास का?" दाजींनी ताईला ढकलून दिलं आणि ते धावत आले. "लिही! लिही काहीतरी!"

"नाही लिहिणार," बारक्या म्हणाला.

दाजींनी त्याला खुर्चीसकट बाजूला लोटलं आणि स्वतः लिहायला वाकले. घाईनं त्यांनी पेंटरचं कधीचं एक उत्तर उचलून सगळ्या खेळाडूंच्या तोंडी एकदमच घातलं. खाणीतले सगळे योद्धे एकाच सुरात म्हणाले, "दाढ दुखतेय हो, बोलायला लावू नका." पुढच्याच क्षणी भिंतभर काळोख झाला.

दाजींच्या तोंडचं पाणी पळालं. मग त्यांचा हात टेबलाखाली गेला आणि पट्टी घेऊन वर आला. पहिला घाव बारक्याच्या खांद्याजवळ बसला. हाड मोडल्याचं त्याला आधी ऐकू आलं, कळ मागून आली. दुसरा घाव त्यानं की-बोर्डवर झेलला, बटणं चहूकडं उडाली. तो डोकं खाली घालून दाजींच्या पोटात घुसला आणि दोघंही रॅकवर आदळले. मशीन धडाधड कोसळली. दाजींचा अंगठा त्याच्या डोळ्यात रुतत होता. बारक्यानं तो दातांत धरला आणि हाड लागेपर्यंत चावला. दाजींची पकड सुटली. पट्टी जमिनीवर पडली. धड हातानं बारक्यानं ती उचलली.

पहिला फटका गुडघ्यावर बसला आणि दाजी गुरासारखे ओरडत खाली कोसळले. तिथंच काम झालं होतं. ते उठणार नव्हते. हात जोडत होते, "बारक्या, मेहुण्या, बास कर." बारक्या थांबला नाही. त्यानं दुसरा गुडघा फोडला. वर आलेला हात फोडला. जबड्यावर मारलं तेव्हा दात उडून त्याच्या पायाशी आले, आणि त्याला बरं वाटलं. फार बरं वाटलं. त्यानं पट्टी डोक्यावर उगारली, तेव्हा ताई त्याच्या मोडक्या खांद्याला लोंबकळली. त्या कळेनं तो गुडघ्यावर बसला.

"मरेल तो!" ती किंचाळली. "बारक्या! बघ माझ्याकडं!"

त्यानं पाहिलं. तिच्या अर्ध्या तोंडावर रक्त होतं आणि ती त्यालाच भ्यायली होती.

खालच्या गिऱ्हाइकांनी पोलिसांना बोलावलं. दाजी वाचले. एक पाय कायमचा अधू झाला. पोलिसांनी बारक्याला आधी दवाखान्यात नेलं, मग कोठडीत. जामिनावर सुटल्यावर तो सगळ्यात आधी पेंटरच्या घरी गेला. पेंटरनं दार उघडलं. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, बोटं बाहेर, वाकडी. त्यानं डाव्या हातानं बारक्याच्या कानशिलात भडकावली, आणि मग आणखी एक. बारक्या तसाच उभा राहिला.

"कोर्टात मी खरं सांगणार आहे," पेंटर म्हणाला. "त्याचं आणि तुझंही."

"सांग."

पेंटरनं सांगितलं. ताईनंही सांगितलं, साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून, आवाज न चढवता. वकिलानं तिला विचारलं, भावानं तुम्हाला वाचवण्यासाठीच मारलं ना? ती म्हणाली, "सुरुवातीला." दाजींना मोठी शिक्षा झाली. बारक्याला थोडी.

तो सुटून आला तेव्हा ताई एका इमारतीच्या मागच्या भाड्याच्या खोलीत राहत होती आणि शिलाईच्या कारखान्यात कामाला जात होती. त्याच्यासाठी तिनं किल्ली शेजाऱ्यांकडं ठेवली होती. संध्याकाळी ती परत आली. कपाळावरचा व्रण भुवईला दुभंगून गेला होता. पिशवी खाली ठेवून तिनं त्याच्या वाकड्या जुळलेल्या खांद्यावरून हात फिरवला. बारक्या लहान मुलासारखा रडला. तिनं रडू दिलं.

मग समोर बसून ती म्हणाली, "पहिला फटका माझ्यासाठी होता. पुढचे कुणासाठी?"

खोटं बोलणं सोपं होतं. "माझ्यासाठी," तो म्हणाला.

"मला दिसलं होतं ते." ती उठली आणि पातेल्यात पाणी घेऊन स्टोव्हकडं वळली. "इथं राहा. काम शोध. पण ह्या खोलीत कुणावर हात उगारलास ना, तर तू माझा भाऊ आहेस हे मी विसरेन."

"बरं," बारक्या म्हणाला, आणि गादी कुठं अंथरायची ते त्यानं तिला विचारलं.