आईच्या ऐंशीची पिशवी

सुंकान्मीच्या छापखान्यातल्या बाकावर बसून मोरेनिकेला आता चीड यायचाही कंटाळा आला होता. आईच्या ऐंशीचा समारंभ शनिवारी. हॉल ठरला, बकरे ठरले, गाणारे ठरले. अडलं होतं ते पाहुण्यांना द्यायच्या पिशवीवर. तांदळाची पुडी, प्लास्टिकचा डबा आणि टॉवेल घालून द्यायची एवढीशी पिशवी, पण तिने तिघा भावंडांच्या डोक्याचा भुगा केला होता.

"ताई, आज छपाईची फ्रेम केली नाही तर मला शनिवार जमणार नाही," सुंकान्मी म्हणाला. "सहा वेळा बदललंत. आमच्याकडे निवडणुकीला उभी राहणारी माणसंसुद्धा एवढं बदलत नाहीत."

"मला नको सांगू. ह्यूस्टनला सांग."

ह्यूस्टनला तिचा भाऊ बांकोले होता आणि पिशव्यांचे पैसे तो देणार होता. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे त्याला लहानपणापासून पाठ. लागोसची मोठी बहीण फोलुके हिला पिशवी जांभळीच हवी होती, कारण समारंभात तिने डोक्याला बांधायचं फडकं जांभळं होतं. रंगाचं मोरेनिकेने केव्हाच सोडून दिलं. अडलं होतं नावांवर.

आईच्या फोटोखाली मुलांची नावं यायची, वयाच्या क्रमाने. मोरेनिकेने पहिल्या नमुन्यात चार नावं घातली. सगळ्यांत वर रोतिमी, कारण तो सगळ्यांत थोरला. रोतिमी वडिलांच्या आधीच्या बायकोचा. त्याची आई गेली तेव्हा तो रांगत होता, आणि पुढे नवी नवरी म्हणून आलेल्या आईने त्याला पाठीशी बांधला तो शाळेत जाईपर्यंत सोडला नाही. आज तो शाळामास्तर होऊन निवृत्त झालाय, आईच्या मागच्याच गल्लीत राहतो, आणि तिला दवाखान्यात तोच नेतो. बांकोले वर्षातून एकदा आईला व्हिडिओवरून हात हलवतो.

नमुना ग्रुपवर पडला आणि बांकोलेचा फोन आला. "हे चौथं नाव कशाला? पिशवी आईच्या मुलांची आहे."

"मग तो कोणाचा आहे?"

"बाबांचा. बाबा गेले तेव्हाच्या पिशवीवर घालायचं होतंस."

फोलुकेने मधला मार्ग काढला. रोतिमीला शेवटी घालू म्हणे. थोरल्याला शेपटाला बांधणं आईच्या गावात, आबेओकुटात, कोणी बघणार नाही, असं तिला वाटत होतं की काय कोण जाणे! ही पिशवी पुढची पाच वर्षं टोमॅटो आणि सुकी मासळी वाहत गावभर फिरणार. इथली बाई फोटो नंतर बघते, आधी नावं मोजते.

मोरेनिके भांडली. फोन आपटला, पुन्हा उचलला. तेवढ्यात रोतिमीचाच फोन. "निके, माझं नाव काढून टाक गं. आईच्या दिवशी वाद नको."

"दादा, तू तरी जरा भांड ना!"

"कशासाठी? पिशवीसाठी?" तो हसला आणि त्याने फोन ठेवला.

तेव्हा तिला सगळ्यांत जास्त राग आला तो त्याचाच. अशी समजूतदार माणसं दुसऱ्याच्या हातातलं हत्यारच काढून घेतात. शेवटी तिने तीन नावांचा नमुना छापून घेतला, आणि फोटो तेवढा आईला दाखवून येते म्हणून निघाली. रस्ताभर तिला स्वतःचीच लाज वाटत होती.

आई ओसरीवर बसली होती. शेजारी इतोकू बाजारातली तिची जुनी जोडीदारीण, कापड रंगवून निळीत हात काळे झालेली इया अलारो. आईने पिशवी लांब धरली.

"ही गोरी बाई कोण?"

"तूच. फोलुकेताईने फोटो उजळवलाय."

"आणि खाली काय लिहिलंय?"

"चीफ मिसेस कम्फर्ट आडेगुन्ले, ऐंशी वर्षं."

"अगं बाई," इया अलारो म्हणाली, "मग मी कोणाकडे जेवायला येणार आहे? चाळीस वर्षं हिच्या शेजारी कापड विकलं, हे नाव आज ऐकते. हिला बाजारात विचार, कम्फर्ट म्हणून कोणी ओळखतं का! सगळे रोतिमीची आई म्हणतात."

खरंच होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पाठीवर पोर घेऊन आई बाजारात उभी राहिली आणि बाजाराने तिला ते नाव दिलं. मग पोटची तीन झाली, पण नाव बदललं नाही. मोरेनिके ते जन्मापासून ऐकत होती, म्हणूनच तिला ते कधी ऐकू आलं नव्हतं.

"मुलांची नावं वाच," आई म्हणाली.

"फोलुके. बांकोले. मोरेनिके."

आईने पिशवी मांडीवर ठेवली. "फोन लाव बांकोलेला."

बांकोलेने "हॅपी बर्थडे इन अॅडव्हान्स" सुरू केलं होतं, तोच आईने त्याला मध्येच थांबवलं. "बांकोले, मुलांची नावं तुम्ही ठरवा, पैसे तुमचे आहेत. माझं नाव मात्र मी ठरवीन. मला गाव जे म्हणतं, तेच त्या पिशवीवर हवं."

"पण आई, ते..."

"तुझ्या बारशाला आलेले लोकसुद्धा रोतिमीच्या आईकडे आले होते. तेव्हा तू रडला नाहीस. आता कशाला रडतोस?"

आईने फोन परत दिला आणि इया अलारोशी मिरच्यांच्या भावावर बोलू लागली.

मोरेनिकेने डोळे पुसले आणि सुंकान्मीला फोन केला. "लिहून घे. फोटोखाली, जेवढं मोठं बसेल तेवढं: रोतिमीची आई, ऐंशी वर्षांची."

"अक्षर एवढं मोठं केलं तर खालच्या तिघांच्या नावांचं काय करू, ताई?"

"जागा उरली तर घाल," मोरेनिके म्हणाली.