दोनदा धुवायचं, मग थांबायचं

माझा धंदा नळाचा. चाळीस वर्षं मी लोकांच्या घरातले तुंबलेले पाइप मोकळे केले. बायकोचा धंदा फोटो छापायचा. मागच्या खोलीत तिचं टेबल, त्यावर कॉम्प्युटर आणि शाईच्या चार टाक्यांचा प्रिंटर, शेजारी कागद कापायचा कटर आणि एक मोजपट्टी. पासपोर्टचे फोटो, शाळेच्या ओळखपत्राचे, बारशाचे, आणि कुणी गेलं तर भिंतीवर लावायचे. ती म्हणायची, "तुमचं काम वाहू देणं, माझं काम वाहू न देणं. आपलं जमलं कसं देव जाणे."

शाईच्या बाबतीत ती फार चिकट. एकट्यादुकट्याचे पासपोर्ट फोटो ती कधी छापत नसे. यंत्र दर वेळी कामाला लागताना आधी घोटभर शाई पितं, म्हणायची, मग चार माणसांचं एकदमच का करू नये? पान भरेल एवढी माणसं जमेपर्यंत ती थांबायची आणि लोकांनाही थांबवायची. शेजारच्या शिवणकामवाल्या मावशी एकदा दारातूनच ओरडल्या होत्या, "अगं, तुझं पान भरेपर्यंत मी म्हातारी होईन! मग त्या फोटोत मला ओळखणार कोण?"

"मग नवे काढू," बायको म्हणाली. "पान भरल्यावर."

मोठा फोटो काढायच्या आधी ती कापून उरलेल्या कागदाच्या पट्टीवर अंगठ्याएवढा एक फोटो छापून बघायची. तो नेहमी तिचा स्वतःचाच. लेकीने कॉलेजात असताना काढलेला, मागे राखाडी भिंत. राखाडीत जरासं हिरवं किंवा लाल शिरलं की लगेच दिसतं, आणि आपल्या कातडीचा रंग ताडून बघायला मनगट जवळच असतं, असं तिचं म्हणणं. पट्टी मनगटाशेजारी धरून ती खिडकीपाशी उभी राहायची. मग पट्टीच्या मागे पेन्सिलीने तारीख आणि एखादा शब्द. "हिरवट." "लाल जास्त." "रेघ." सगळं जमलं असेल तर "चालेल." याच्यापुढे तिची स्तुती कधी गेली नाही, माझ्या बाबतीतही.

सात महिन्यांपूर्वी एका सकाळी पान छापून होत असताना तिला भोवळ आली. मी आवाज ऐकून धावलो. तिला उचलायच्या आधी मी भिंतीवरचं बटण बंद केलं. हात आपोआपच तिकडे गेला. कामावर काही बिघडलं की आधी मेन कॉक बंद करायचा, ही चाळीस वर्षांची सवय. प्रिंटर भिंतीवरून कधी बंद करायचा नाही, त्याच्यावरच्या बटणाने करायचा, हे तिने मला शंभरदा सांगितलं होतं. छापणारं डोकं आपल्या झाकणाखाली जाऊन बसायला हवं, नाहीतर उघडं राहून वाळतं.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "यंत्र बटणाने बंद केलंत ना?"

मी हो म्हणालो.

घरी जाऊन नीट बंद करून यायला मला वेळ होता. मी गेलो नाही. चार दिवसांनी ती गेली, आणि त्यानंतर मी मागच्या खोलीचं दार उघडलं नाही.

या मंगळवारी लेक आली. रविवारी परत जाणार होती, परदेशी, दोन वर्षांसाठी. तिला बरोबर न्यायला आईचा फोटो द्यायचा म्हणून मी आधीच बाजारातल्या दुकानात तोच राखाडी भिंतीपुढचा फोटो देऊन मोठा करून आणला होता. तिने पाकीट उघडलं आणि माझ्याकडे बघितलं.

"बाबा, ही कोण?"

आई गोरीपान झाली होती. सावळा चेहरा पीठ लावल्यासारखा. मी तो घेऊन दुकानात परत गेलो.

"काका, ते आपोआप होतं," दुकानदार म्हणाला. "यंत्र चेहरा ओळखतं आणि उजळ करतं. लोकांना आवडतं."

"तिला आवडलं नसतं."

त्याने दुसरा काढून दिला. तो आजारी माणसासारखा पिवळा. "खरा रंग कसा होता ते मला कसं कळणार?" तो म्हणाला. "तुम्ही सांगा, तसा करतो."

मी सांगायला गेलो आणि मला सांगता येईना. पस्तीस वर्षं समोर होता तो रंग. सावळा म्हणजे किती सावळा, हे मला नेमकं धरता येत नव्हतं. दुकानदार वाट बघत होता. मी पैसे देऊन बाहेर पडलो.

बुधवारी सकाळी मी मागच्या खोलीचं दार उघडलं. प्रिंटरमधून अर्धं पान बाहेर लोंबत होतं. पहिल्या दोन ओळींतले फोटो पूर्ण. तिसऱ्या ओळीत शिवणकामवाल्या मावशी, चार वेळा, आणि चारही वेळा फक्त केस आणि कपाळ. डोळ्यांपर्यंत यायच्या आत मी वीज बंद केली होती.

पान ओढून काढलं, यंत्र चालू केलं, आणि ती करायची तशी रेघांची चाचणी छापली. चार रंगांच्या बारीक रेघा सलग यायला हव्यात. काळी आलीच नाही. लाल अर्धी गायब.

तुंबलं होतं. तुंबलेलं मला कळतं. तुंबलं की जोर लावायचा. मी सफाईचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पाच वेळा झाल्यावर मोठी सफाई असते ती दोनदा केली. यंत्र घरघरत राहिलं, मी उभा राहून बघत राहिलो, आणि मला बरं वाटत होतं, कारण काहीतरी जोरात चाललं होतं. काळी थोडी आली. लाल तशीच. मग माझं लक्ष टाक्यांकडे गेलं. चारही खाली आल्या होत्या. लाल तर खालच्या खुणेच्याही खाली.

शाईच्या दुकानात फोन केला. जुनं मॉडेल, बाटली मागवावी लागेल, पंधरा दिवस.

पाणी गेलं तर कुठेतरी गेलेलं असतं. मागच्या बाजूला एक छोटं झाकण होतं. त्याचा स्क्रू काढला. आत बोळ्यासारखा जाड नमदा, सफाईची शाई झिरपायला ठेवलेला. एका कोपऱ्यात तळहाताएवढा जुना काळा डाग, वाळून कडक झालेला. बाकी अख्खा नमदा ओला, चमकत होता.

लेक मागे येऊन उभी होती.

"हे किती वर्षांचं?"

"तो कोपरा तुझ्या आईचा. नऊ वर्षांचा," मी म्हणालो. "बाकीचं आज सकाळचं. माझं."

मी खाली बसलो आणि तिला दवाखान्यातलं सांगितलं. बटणाचं. हो म्हणालो होतो ते.

"तिला माहीत असणार," लेक म्हणाली.

"कशावरून?"

"बाबा, तू इस्त्रीसुद्धा भिंतीवरूनच बंद करतोस. तुझ्या 'हो'वर आई कधी विसंबली होती?"

मला हसू आलं. मी उठून ते झाकण परत बसवलं.

टेबलाच्या खणात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात सगळ्या पट्ट्या. शेकडो. लेकीने तो जमिनीवर ओतला. सगळीकडे तीच, अंगठ्याएवढी, हिरवी, जांभळी, रेघांनी कापलेली, फिकट. लेक मागचे शब्द वाचत होती. बहुतेक एकेक शब्दच. मग एक लांब निघालं.

"सुट्टीवरून आलो. तुंबलंय. दोनदा धुतलं, फोटोतली रेघ तशीच. थांबले. दुसऱ्या दिवशी पुष्कळ गेली."

थोड्या वेळाने दुसरं, त्याच्यानंतरच्या वर्षाचं. "दोनदा धुवायचं, मग थांबायचं. ताजी शाई आत बसून वाळलेलं भिजवते. यांना सांगून उपयोग नाही."

"हे 'यांना' म्हणजे तू," लेक म्हणाली.

"कळलं."

मग आम्ही थांबलो. मला थांबायची सवय नाही. गुरुवारी सकाळी एकदाच रेघांची चाचणी छापली, साध्या कागदावर. काळी पूर्ण आली. लाल अजून तुटक, पण कालच्यापेक्षा बरी. माझं बोट सफाईच्या बटणाकडे गेलं. लेकीने नुसतं "बाबा" म्हटलं. आम्ही यंत्र बटणाने बंद केलं आणि बाहेर जाऊन तिच्या बॅगा भरल्या. शुक्रवारी लालमध्ये दोनच तुटक जागा राहिल्या. शनिवारी सलग रेघा.

लेकीने एक पट्टी कापली. आईचा फोटो अंगठ्याएवढा. पट्टी बाहेर आली, सुकू दिली, आणि आम्ही खिडकीपाशी गेलो. मी ती हातात धरून उभा राहिलो. चेहरा बरोबर वाटत होता. पण माझ्या वाटण्यावर माझा आता भरवसा नव्हता.

"हात दे," मी लेकीला म्हणालो.

तिने मनगट पुढे केलं. लहानपणी तिला नातेवाईक चिडवायचे, आईवर गेली म्हणून, बापाचा रंग घ्यायचा होतास म्हणून. ती रडत घरी यायची. मी पट्टी तिच्या मनगटाला लावली. पट्टीची कड दिसत होती, कडेच्या अलीकडे आणि पलीकडे रंग एकच होता.

लेक बराच वेळ हात तसाच धरून उभी राहिली.

मला मोठा छापायचा होता, चौकटीत बसेल असा. लाल शाई तेवढी नव्हती. माझ्या एका सकाळीने ती घालवली होती. पोस्टकार्डाएवढा एक निघाला असता, अंदाजाने.

"एवढाच बरा. पाकिटात बसतो," लेक म्हणाली. मग कॉम्प्युटरवर फोटो मांडता मांडता थांबली. "अर्धं पान रिकामं राहतंय."

आम्ही दोघांनीही एकदमच बाजूला ठेवलेल्या त्या अर्धवट पानाकडे बघितलं. मावशींचे चार फोटो तिने आईच्या फोटोखाली बसवले. शाई संपलीच तर खालून संपेल, म्हणाली. मावशी समजून घेतील.

पान हळूहळू बाहेर आलं. आधी राखाडी भिंत, मग केस, मग कपाळ. मी श्वास धरला होता. मग डोळे आले. मग सगळी ती. तिच्याखाली मावशी, चार वेळा, डोळ्यांसकट. लाल शाईच्या टाकीचा फक्त तळ ओला होता.

रविवारी पहाटे लेक गेली. पट्टी ती माझ्यासाठी ठेवून गेली. जायच्या आधी पेन्सिल माझ्या हातात देऊन म्हणाली, "तू लिही." मी तारीख घातली. पुढे काय लिहावं याचा विचार केला, आणि "चालेल" लिहिलं.

दहाच्या सुमाराला मावशी आल्या. मी पाकीट दिलं.

"सात महिने लावलेत! मी म्हटलंच होतं, म्हातारी होईन म्हणून," त्या म्हणाल्या, आणि फोटो काढून बघितले. मग त्या दाराच्या चौकटीला टेकल्या. "तिनेच काढले होते ना हे?"

"तिनेच. छापायचे राहिले होते."

त्या गेल्यावर मी मागच्या खोलीत आलो. प्रिंटर त्याच्या बटणाने बंद केला. डोकं सरकत उजवीकडे गेलं आणि टक करून झाकणाखाली बसलं. दिवा विझेपर्यंत मी उभा राहिलो. मग भिंतीवरचं बटण बंद केलं.