डाव्या बाजूचा चेहरा

त्या क्रीमवाल्यांना तिने मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या होत्या की शेवटी नवीन सुचेनात. बरं, ते क्रीम तरी बाजारात होतं का? छे! ते कधीच बंद पडलेलं. जाहिरात मात्र कंपनीच्या वेबसाइटवर ठाण मांडून बसली होती. शेजारी शेजारी दोन फोटो. डावीकडे गालांवर वांगाचे डाग, विस्कटलेले केस, सुतकी तोंड. खाली लिहिलंय 'आधी'. उजवीकडे तेच नाक, तेच डोळे, तीच हनुवटी, पण गाल लोण्यासारखे, खाली 'नंतर'. आणि वर मोठ्या अक्षरांत, सहा आठवड्यांत कायापालट!

कायापालट कसला डोंबलाचा! डावीकडची ती होती आणि उजवीकडची तिची धाकटी बहीण. दोघी कॉलेजात असताना कंपनीचा फोटोवाला घरी आला आणि दोघींचे फोटो काढून क्रीमच्या डब्या देऊन गेला. बहिणी दिसायला सारख्या, म्हणून कंपनीने दोघींची मिळून एकच मुलगी करून टाकली. तेव्हा घरातले सगळे पोट धरून हसले होते. तीही हसली होती.

आता ती शहरात बस चालवत होती. डेपोतल्या कुणाला तरी ते पान सापडलं आणि त्याने तो डावा फोटो छापून तिच्या कपाटावर चिकटवला. झालं! त्या दिवसापासून तिचं नावच 'आधी' पडलं. "आधी, तुझी गाडी लागली बघ." "आधीला चहा द्या रे." पहिले काही दिवस तिने हसण्यावारी नेलं. मग एकदा बसमधल्या दोन पोरी मोबाइलकडे आणि तिच्या चेहऱ्याकडे आळीपाळीने बघत खिदळल्या, तेव्हा मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते पान तिथून हटवायचंच, मग काहीही होवो.

सुट्टी टाकून ती कंपनीत गेली. जाहिरातींचा साहेब खुर्चीत झुलत होता.

"बाई, नेटवर वांग असं शोधलं की पहिलं तेच पान येतं," तो म्हणाला. "ते काढलं तर गिऱ्हाईक आमच्यापर्यंत येणार कसं?"

"पण ते क्रीम तुम्ही विकतच नाही!"

"दुसरी विकतो ना. आणि तुम्ही एवढं काय मनाला लावून घेता? जाहिरातीत झळकायला लोक तडफडतात."

त्याने तिच्यासाठी पाणी मागवलं. पाणी यायच्या आत ती उठून निघाली.

मग ती बहिणीकडे गेली. धाकटीचं ब्युटी पार्लर जोरात चालायचं, आणि दारातच तो उजवा फोटो फ्रेम करून लावलेला.

"ताई, कशाला डोक्यात राख घालून घेतेस?" धाकटी म्हणाली. "नव्या क्रीमच्या कार्यक्रमाला त्यांनी मला पाहुणी म्हणून बोलावलंय. माझा शब्द ते मोडणार नाहीत. मी सांगते काढायला. तू ये, तुझ्या देखत सांगते."

ताईचा जीव भांड्यात पडला. शेवटी सख्खी बहीण ती.

कार्यक्रमाला ती ड्यूटी संपवून गणवेशातच गेली आणि मागच्या रांगेत बसली. हॉल गच्च भरलेला. पडद्यावर तेच पान, भिंतीएवढं. धाकटी स्टेजवर आली आणि तिने बोट दाखवलं. डावीकडे!

"ही मी," ती म्हणाली. "आरसा बघायची हिंमत नव्हती माझी." आणि तिने असं काही तोंड वाकडं केलं की सगळा हॉल हसला. "आणि मग ही मी!" टाळ्या.

आत्ता सांगेल, आत्ता सांगेल म्हणून ताई वाट बघत राहिली. धाकटीने फुलांचा गुच्छ घेतला आणि कंपनीचे आभार मानून मोकळी झाली.

आता मात्र कुणालाच सोडायचं नाही, असं ताईने ठरवलं. बूट वाजवत ती स्टेजवर चढली आणि तिने माइक ओढून घेतला.

"ती डावीकडची मी. ही माझी धाकटी बहीण. हिला जन्मात कधी वांग नव्हतं. त्या डब्या मी चाटूनपुसून संपवल्या, आणि हे बघा!" तिने गाल दिव्याकडे वळवला. "नीट बघून घ्या. फोटो काढायचे तर काढा."

हॉलभर मोबाइल वर झाले. "ताई, तुझ्या पाया पडते, उतर खाली," धाकटी पुटपुटली. ताईने तिचं मनगट घट्ट धरलं आणि तिला पडद्यासमोर शेजारी उभं केलं.

साहेब धावत आला. "मॅडम, आत्ताच्या आत्ता काढतो ते पान!" बाईची मॅडम झाली होती.

"आता हात लावायचा नाही. राहू द्या. फक्त खाली लिहा, या दोन बहिणी आहेत म्हणून."

ते कसलं लिहितायत! ती स्टेजवरून उतरेपर्यंत पान गायब झालं. तोवर लोकांनी काढलेले व्हिडिओ मात्र सगळीकडे फिरू लागले होते. त्यात तिचा चेहरा होता, पण साहेबाचाही होता आणि धाकटीचाही. तिला मनापासून आनंद झाला.

बाहेर आल्यावर धाकटी हमसाहमशी रडायला लागली. "दुकान बसलं माझं! उद्यापासून लोक तोंडावर हसतील मला."

"हसतील."

"तुला काहीच कसं वाटत नाही गं?"

"वाटतंय की. बरं वाटतंय."

"मग मी आता काय करू, ताई?"

"उद्या दुकान उघड. कुणी हसलं की मान खाली घाल आणि काम कर," ताई म्हणाली. "इतके दिवस मी तेच करत होते. तेव्हा तुला रडू आलं नाही."